फ्रान्सच्या खेड्यांमधून पळायचं आहे, वाटा सुचवा

मृण्मयी_सातारा | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लेक टुलूझला शिकते. सप्टेंबरात तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहे. ती दिवसभर कॉलेजात असेल आणि मी मोकळी. वय ४९, सहा वर्षं पळते आहे, साताऱ्याची हिल हाफ तीनदा पूर्ण केली आहे. यवतेश्वरच्या घाटात घाम गाळलेला असल्यामुळे चढाचं काही वाटत नाही, पण सध्या उजवा गुडघा कुरकुरतोय, म्हणून शक्यतो सपाट हवं.

आठवड्यातून चार दिवस १० ते १५ किमी पळेन म्हणते. बागेला फेऱ्या मारायच्या नाहीत. शेतं, पाणी, झाडं, गावं बघत पळायचंय. तिकडे खेड्यांतून पळायला वेगळ्या वाटा असतात का, की गाड्यांच्या रस्त्याच्या कडेनंच जावं लागतं? फ्रेंच येत नाही, एकटीनं जाणं कितपत बरं? आणि मध्ये दोन-तीन दिवस बाहेर जायचं झालं तर कुठे? प्रेक्षणीय स्थळांची यादी नको. जिथे स्वतः पळलात तेवढंच सांगा.

कालवाकाठी | १४ जून, रात्री ११:०५

ताई, अकरा वर्षं टुलूझला आहे, विमानांच्या कारखान्यात नोकरी. तुम्हाला हवी ती वाट लेकीच्या दारातून सुरू होते असंच समजा. कनाल द्यु मिदी!

टुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाडीपर्यंत हा कालवा २४० किमी जातो. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसानं १६६६ ते १६८१ या काळात तो बांधून घेतला. माल भरलेल्या होड्या काठावरून चालणारे घोडे दोरानं ओढायचे, म्हणून काठानं अखंड वाट आहे. घोड्यांची वाट असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. जिथे लॉकगेट, म्हणजे पाण्याची पातळी बदलून होड्या वरखाली करणारं दार, असेल तिथे काय ती चार पावलांची चढण.

मेट्रोनं रामोंव्हिलला या, थोडं चालून कालवा गाठा आणि शहराकडे पाठ करून पळत सुटा. पहिले दोन-तीन किलोमीटर सायकलवाल्यांची गर्दी असते, पुढे गव्हाची नि सूर्यफुलांची शेतं लागतात. मोंजिस्कार गाव साधारण १३ किमीवर आहे. तिथून आणखी तीनेक किमी चाललात की बाझिएझचं रेल्वे स्टेशन येतं, लोकलनं परत. एका दिशेनं पळा नि गाडीनं या, ही या कालव्याची खरी चैन आहे, कारण रेल्वे जवळजवळ त्याच खोऱ्यातून जाते.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. सप्टेंबरच्या मध्यात इथे साडेसातनंतर उजाडतं. पहाटे साडेपाचला बूट बांधून बसाल तर दोन तास खिडकीतून अंधार बघावा लागेल.

बेरकी_बोका | १५ जून, सकाळी ७:१२

साडेसातला सूर्य! मी उद्यापासून फ्रेंच वेळेनं पळणार.

सह्यवेडा | १५ जून, सकाळी ८:३०

कालवाकाठींशी असहमत. मी त्या कालव्यावर पळलोय. दोन दिवस छान वाटतं, तिसऱ्या दिवशी तेच पाणी, तीच झाडं, तोच सरळ रस्ता. शिवाय टुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी आहेत. गुडघा कुरकुरत असताना डांबरावर १५ किमी कशाला?

फ्रान्समध्ये लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या जी. आर. नावाच्या लांब पल्ल्याच्या पायवाटांचं जाळं आहे, देशभर. छोट्या स्थानिक फेऱ्यांना पिवळी पट्टी. झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर रंगवलेली असते. पट्टीची फुली दिसली तर वाट चुकली, मागे फिरा. पट्टीला वळणाचा बाण असेल तर त्या बाजूला वळा. एवढं आलं की भाषा येण्याची गरज नाही. ज्याला राजमाचीची वाट दगडांवरच्या बाणांनी सापडते त्याला फ्रान्समध्ये हरवणं कठीण आहे.

गुडघेतज्ज्ञ_नाही_पण_फिजिओ | १५ जून, सकाळी १०:०२

सह्यवेडा, मुद्दा पटतो, पण अर्धाच. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला डांबरापेक्षा तिरपा रस्ता जास्त त्रास देतो, तो ज्याच्या कडेला उतार असतो आणि एक पाय सतत खाली पडतो. कालव्याची वाट सपाट असेल तर डांबर चालेल. मुळं आणि सुटे दगड असलेली पायवाट मात्र थकल्यावर धोक्याची, पाय मुरगळतो. मृण्मयीताई, अंतर हळूहळू वाढवा आणि लांबचा प्रवास करून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी १५ किमी मारू नका. गुडघा सुजला, अडकायला लागला तर इथे न विचारता प्रत्यक्ष दाखवा.

कालवाकाठी | १५ जून, दुपारी १:४५

सह्यवेडा यांना कालवा कंटाळवाणा वाटला कारण ते टुलूझच्या बाजूनंच पळाले असणार. त्याची खरी गंमत पाणी येतं कुठून याच्यात आहे. कालव्याचा सर्वांत उंच टप्पा नोरूझला. तिथून एका बाजूचं पाणी अटलांटिककडे जातं, दुसऱ्या बाजूचं भूमध्य समुद्राकडे. पण माथ्यावर पाणी आणायचं कुठून? रिकेनं मोंताञ न्वार डोंगरातले ओढे अडवले, सां-फेरेओलला मोठं धरण बांधलं आणि तिथून छोट्या पाटानं पाणी नोरूझला आणलं. या पाटाला रिगोल म्हणतात. आपल्याकडच्या पाटाएवढीच रुंदी, वर झाडांची कमान, काठानं मातीची पायवाट, उतार जाणवतही नाही. तासभर पळालं तरी क्वचित माणूस भेटतो. सपाट हवं, माती हवी, सावली हवी, सगळं एकाच वाटेवर. रिकेनं स्वतःचे पैसे या कालव्यात घातले आणि उद्घाटनाच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, तो गेला. त्या पाटाकाठी पळताना मला त्याची आठवण येतेच.

जुनी_पानं | १५ जून, रात्री १०:२०

कालवाकाठींचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. फ्रान्समध्ये मी ज्या ज्या सुंदर वाटांवर पळलो त्यातली एकही पळण्यासाठी किंवा देखाव्यासाठी बांधलेली नव्हती. प्रत्येक वाट कोणाच्या तरी कामाची होती. वाट शोधायची माझी पद्धतही तीच आहे. नकाशा उघडला की इथे पूर्वी कोण चालत होतं ते बघतो.

कालव्याकाठी घोडे चालायचे. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर जकातीचे शिपाई. १७९१ पासून मालाची चोरटी आयात पकडायला ते कड्यांवरून रात्रंदिवस गस्त घालायचे. आज तीच वाट जी. आर. ३४ म्हणून ओळखली जाते, जवळजवळ दोन हजार किलोमीटर. पेरोस-गिरेकहून प्लुमानाकपर्यंतचा तुकडा पळून बघा. गुलाबी ग्रॅनाइटचे अजस्र गोटे, खाली समुद्र, आणि वाट एवढी अरुंद की समोरून कोणी आलं तर थांबून जागा द्यावी लागते. वेगानं पळण्याची जागा नाही ती.

तिसरा प्रकार बंद पडलेल्या रेल्वेचा. रूळ काढून तिथे पायी आणि सायकलीनं जाणाऱ्यांसाठी वाट केली, तिला व्हॉय व्हर्त म्हणतात, हिरवी वाट. फ्रान्समधली पहिली १९९७ मध्ये बर्गंडीत झाली, जिव्री ते क्लुनी, ४४ किमी. आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून ही वाट गुडघ्यालाही झेपते. जुनी स्टेशनं तशीच उभी आहेत. क्लुनीचा मठ ९१० सालचा. त्याच्या उरलेल्या मनोऱ्याकडे बघत पळत यायचं, याला तोड नाही. क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेरचा दीड किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. हिवाळ्यात तो बंद असतो, आत वटवाघळं झोपलेली असतात म्हणून.

बेरकी_बोका | १५ जून, रात्री १०:३१

वटवाघळांची झोपमोड होऊ नये म्हणून बोगदा बंद! वाचून फार बरं वाटलं.

नाशिककर_बोनमध्ये | १६ जून, पहाटे २:१५

मी बोनला द्राक्षशेतीचं शिकायला आलोय, घरची बाग निफाडजवळ. आपल्याकडे वेल मांडवावर, डोक्याच्या वर. इथे बर्गंडीत वेल कमरेएवढा. त्यामुळे बागेतून पळताना नजर थेट क्षितिजापर्यंत जाते.

बोनहून सांतनेकडे बागांमधून सायकलवाट जाते, वीस-बावीस किलोमीटर. पोमार, व्होलने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे अशी गावं एकामागून एक. प्रत्येक गावात दगडी चर्च, एक नळ, एक बेकरी. अगदी सपाट नाही, हलके चढउतार आहेत, पण घाट म्हणावं असं काही नाही. भिंतींवर तुकड्यातुकड्याला नाव कोरलेलं असतं. इथे या तुकड्यांना क्लिमा म्हणतात आणि २०१५ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले. भिंतीच्या या बाजूची बाटली दहापट महाग, त्या बाजूची स्वस्त, आणि पळताना माती मात्र एकसारखीच दिसते. मास्तर म्हणतात, दिसत नाही म्हणूनच शिकायला आलास.

पण ताई, सप्टेंबर म्हणजे तोडणीचे दिवस. ट्रॅक्टर आले की कडेला उभं राहायचं. वेलीवरचं एकही द्राक्ष तोडायचं नाही. आमच्या बागेत कोणी पळत पळत शिरून घड तोडला तर आम्हाला कसं वाटेल?

पळपुटा_पन्नाशीचा | १६ जून, सकाळी ६:५०

द्राक्षांचा विषय निघालाच आहे तर मेदोक मॅरेथॉन कोणी केली आहे का? सप्टेंबरातच असते ना?

सह्यवेडा | १६ जून, सकाळी ९:१५

केली. पोयाक गावातून सुटते, बोर्दोच्या वायव्येला, १९८५ पासून चालू आहे. सगळे वेषांतर करून पळतात. पाण्याच्या टेबलावर पाण्याबरोबर वाइनचे पेले, शेवटाकडे कालवं, चीज, मांसाचे तुकडे. ४२ किमीला साडेसहा तास देतात आणि बरेच जण ते सगळे वापरतात. मी फेटा बांधून धोतर नेसून पळालो. ३० व्या किलोमीटरला धोतर सुटायला आलं तेव्हा समोरच्या नेपोलियननं त्याच्या कमरेचा पट्टा काढून दिला.

पळपुटा_पन्नाशीचा | १६ जून, सकाळी ९:२२

नेपोलियनचं काय झालं मग?

सह्यवेडा | १६ जून, सकाळी ९:३०

एका हातानं विजार धरून माझ्या आधी पोचला!

गुडघेतज्ज्ञ_नाही_पण_फिजिओ | १६ जून, सकाळी ९:५८

वाइन पिऊन उन्हात मॅरेथॉन पळायचा सल्ला माझ्याकडून कोणालाही नाही. नोंद असावी.

प्राजक्ता_ग्रेनोब्ल | १६ जून, रात्री ८:४०

मृण्मयीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, पुरुष मंडळी द्राक्षात रमली. मी सात वर्षं इथे एकटी पळते, म्हणून जरा सविस्तर.

दिवसाउजेडी कालव्याकाठी, हिरव्या वाटांवर मला कधी भीती वाटली नाही. एकटी पळणारी बाई हे तिथलं रोजचं दृश्य आहे. तरीही लेकीला फोनवरून तुमचं ठिकाण दिसत राहील असं करा आणि ११२ लक्षात ठेवा. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला बोंझूर म्हणायचं. शहरात नाही म्हटलं तर चालतं, खेड्यात नाही म्हटलं तर उद्धट समजतात. या एका शब्दावर गाव तुम्हाला ओळखायला लागतं.

भटकी कुत्री खेड्यात दिसत नाहीत. पुण्यात हातात दगड घेऊन पळायची सवय मला इथे सोडावी लागली. कुंपणाआडचं कुत्रं भुंकतं आणि थांबतं. फक्त डोंगरात मेंढरांचा कळप असेल तिथे मोठी पांढरी राखणदार कुत्री असतात, त्यांना पातू म्हणतात. कळपाला लांबून वळसा घाला, पळणं थांबवून चाला, काठी उगारू नका.

खरी काळजी शिकारीची. मुख्य हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. रानडुकरांचा हाका असेल तर वाटेच्या तोंडाशी फलक लावतात. त्यावर 'शास' हा शब्द दिसला तर सरळ मागे फिरा. रविवारी सकाळी जंगलात जाऊच नका आणि रोज भडक नारिंगी किंवा पोपटी बनियन घाला. काळ्या कपड्यांतले फोटो छान येतात, पण ते शहरात काढा.

पाण्याची युक्ती सांगते. गावातली दुकानं दुपारी बंद, सोमवारी बरीच बंद. पण प्रत्येक गावाला दफनभूमी असते आणि तिथे फुलांना घालायला नळ असतो. इथले सायकलवाले, पळणारे सगळे तिथेच बाटली भरतात. पाटीवर 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर मात्र पिऊ नका. पहिल्यांदा मला अवघडल्यासारखं झालं. एका आजींनी थडग्यावरची कुंडी बाजूला ठेवून नळ सोडून दिला, तेव्हापासून नाही वाटत. आणि गवतातून आलात की घोट्यापासून वर गोचीड लागली आहे का बघा, लाइमचा आजार इथे आहे.

मृण्मयी_सातारा | १६ जून, रात्री ९:३०

प्राजक्ता, हेच हवं होतं गं. सगळं वहीत उतरवून घेतलं. नारिंगी बनियन सातारच्या शर्यतीचंच आहे.

मानोस्ककर | १७ जून, दुपारी १२:१०

मी प्रोव्हान्समधल्या मानोस्कचा. इथून तासाभराच्या अंतरात इटर नावाचा अणुसंलयनाचा प्रकल्प उभा राहतोय, त्यात भारतीयही बरेच आहेत, मी त्यातलाच. शनिवारी आम्ही व्हालॉंसोलच्या पठारावर पळतो. लॅव्हेंडर बघायचं तर जूनचा शेवट ते जुलैचा मध्य. ताईंच्या सप्टेंबरात कापणी होऊन गेलेली असेल, नुसते राखाडी गड्डे. तेव्हा लॅव्हेंडरसाठी येऊ नका, तुमची निराशा होईल. उन्हाळ्यात आणखी एक भानगड असते. वणव्याच्या धोक्यामुळे प्रोव्हान्समधली काही जंगलं त्या दिवसापुरती बंद करतात आणि मिस्त्राल वारा सुटला की हे जास्तच होतं. आदल्या संध्याकाळी जिल्ह्याचा नकाशा बघूनच निघायचं.

जुनी_पानं | १७ जून, रात्री ११:००

ताई साताऱ्याच्या म्हणून एक वेगळी जागा सांगतो. टुलूझहून फार लांब आहे, उत्तरेला लीलच्या बाजूला. नव्ह-शापेल. १० ते १३ मार्च १९१५ ला तिथे पहिल्या महायुद्धातली लढाई झाली, त्यात हिंदी फौजेच्या दोन डिव्हिजन होत्या, मेरठ आणि लाहोर. मराठा पलटणी त्या युद्धात बहुतांश मेसोपोटेमियात लढल्या. तरी अपशिंग्यासारख्या फौजींच्या गावांत वाढलेल्याला हिंदी शिपायाचं स्मारक परकं वाटत नाही.

सपाट शेतं, बीट नि बटाटे, लांबवर चर्चचा मनोरा. त्या शेतरस्त्यांवरून सात-आठ किलोमीटर पळत मी चौकात आलो आणि समोर पांढरा गोलाकार कठडा, उंच खांब, दोन दगडी वाघ. १९२७ मध्ये हे स्मारक उघडलं. ज्यांचे देह सापडलेच नाहीत अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं भिंतीवर आहेत. घड्याळ बंद केलं आणि नावं वाचत बसलो. परत पळत जाणं जमलं नाही, चालत गेलो.

बेरकी_बोका | १७ जून, रात्री ११:१४

🙏

मृण्मयी_सातारा | २ ऑक्टोबर, रात्री १०:१५

धागा वर काढते आहे. परवाच परत आले. सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते.

साडेपाचला जाग यायचीच. पहिले तीन दिवस अंधारात चहा घेऊन बसले, चौथ्या दिवसापासून झोपायला शिकले. पंधरा दिवसांत कालव्यावर नऊ वेळा पळाले. सह्यवेडा, मला तिसऱ्या दिवशी कंटाळा आला नाही. तिसऱ्या दिवशी मला दिसायला लागलं. काठावरच्या प्लेन जातीच्या झाडांना लाल आकडे लिहिलेत ते दिसले. लेकीनं चौकशी करून सांगितलं, २००६ पासून या झाडांना बुरशीचा रोग लागलाय आणि हजारो झाडं तोडावी लागलीत. पुढे एका टप्प्यात दोन्ही काठ उघडे आहेत, ठेंगणी नवी रोपं लावलीत. दोनशे वर्षं जुन्या सावलीतून एकदम उन्हात येतो आपण. माझ्या डोळ्यात पाणी आलं. काससाठी येतं तसंच.

सूर्यफुलं काळी पडून मान टाकून उभी होती. फोटोतलं पिवळं शेत मिळालं नाही, त्याचं वाईट वाटलं. एक दिवस ओतां वारा समोरून असा लागला की ८ किमीलाच परत फिरले. पाण्यात उंदरासारखे पण मांजराएवढे प्राणी पोहताना दिसायचे, रागोंदां म्हणतात त्यांना.

एका लॉकगेटजवळ एक आजोबा रोज गळ टाकून बसायचे. मी बोंझूर, ते बोंझूर. सहाव्या दिवशी मी गेले नाही, सातव्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवून काहीतरी विचारलं. काल कुठे होतीस, असंच असणार. मी गुडघ्याला हात लावून दाखवला. त्यांनी स्वतःच्या गुडघ्याला लावून दाखवला.

शेवटच्या रविवारी लेक बरोबर आली. लोकलनं आव्हिन्योनेला उतरलो, तिथून नोरूझ आणि परत, आठ-दहा किलोमीटर. ती एरवी पळत नाही, अर्धं चाललो. नोरूझला रिगोलचं पाणी कालव्यात येतं तिथे बसलो. वेण्णेचं पाणी कुठे जातं नि इथलं कुठे, यावर तासभर बोललो. वर्षभरात फोनवर झालं नव्हतं एवढं बोलणं झालं.

रिगोलच्या आतल्या बाजूला गेले नाही, ती शिकारीची फलकं बघून लेक घाबरली. गुडघा ठीक आहे.

कालवाकाठी | २ ऑक्टोबर, रात्री ११:४०

ताई, ते आजोबा मला माहीत आहेत! कास्तानेच्या लॉकपाशी, निळी टोपी. या रविवारी जातोय, तुमचा नमस्कार सांगतो.

मृण्मयी_सातारा | ३ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

नक्की सांगा. आणि पुढच्या वेळी रिगोल एप्रिलमध्ये केली तर चालेल का? शिकार बंद असते ना तेव्हा?

कालवाकाठी | ३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

एप्रिल उत्तम. शिकारीचा मुख्य हंगाम संपलेला असतो, पाटाला पाणी असतं आणि सातच्या सुमारास उजाडतं. सां-फेरेओलला गाडीनं सोडायला मी येतो, लेकीलाही घेऊन या.